बिळातला हिवाळा

दिवाळी सरते, ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टर-ट्रकांत बसून गावाबाहेर पडतात आणि बीड जिल्ह्यातल्या सर्पमित्रांचे फोन मंदावतात. पावसाळ्यात या वस्तीवरून त्या वस्तीवर धावणारा पोरगा कार्तिकात निवांत दिसतो. 'साप आता झोपले, होळीलाच उठायचे,' असं गावात सगळेच म्हणतात. ही समजूत अर्धी खरी आहे आणि उरलेल्या अर्ध्या भागासाठी ही पुस्तिका काढावी लागली. आपल्याकडचा साप थंडीत मंदावतो, खाणं सोडतो, बिळात जास्त वेळ काढतो हे खरंच. पण याच महिन्यांत त्याच्या विणीची तयारी पुरी होते. घोणस आणि नाग यांच्या जोड्या जमतात त्याही थंडीतच. उन्हाळ्यात वारुळात सापडणारी नागाची अंडी आणि पहिल्या पावसाच्या आगेमागे बांधावर दिसणारी घोणशीची पिल्लं यांची सुरुवात पौष-माघात झालेली असते. ज्या काळात आपण सापाला विसरतो, तो त्याच्या वर्षातला सर्वांत नाजूक काळ असतो.

थंडी आणि वीण यांच्या नात्याचा विषय मुळात पाळीव सापांच्या दुनियेतला आहे, म्हणून आधी तिकडचं सांगतो. युरोप-अमेरिकेत अनेक जातींचे साप घरात पाळायला कायद्याची आडकाठी नाही. त्यांची वीण घेणारे लोक नोव्हेंबर आला की सापांना मुद्दाम थंडीत ठेवतात. आग्नेय अमेरिकेतला कॉर्न स्नेक हा यातला नेहमीचा साप. बिनविषारी, उंदरांवर जगणारा, आपल्या तस्कराच्या जवळचा. त्याला थंडीत घालण्याआधी दोन-तीन आठवडे खाणं बंद करतात, ऊब मात्र तशीच ठेवतात, म्हणजे पोटात असेल ते पचून बाहेर पडतं. मग तापमान एकदोन आठवड्यांत थोडं थोडं उतरवत १० ते १३ अंश सेल्सिअसवर आणतात आणि साप ८ ते १२ आठवडे तिथं राहतो. खोलीत अंधार, शांतता आणि पाण्याचं भांडं कायम भरलेलं. मधूनमधून वजन करायचं आणि श्वास बघायचा. नाकातोंडाशी बुडबुडे आले किंवा श्वासाला घरघर लागली, तर त्या सापाचा हिवाळा तिथंच थांबवून त्याला उबेत घ्यायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊब पुन्हा बेताबेतानं वाढवतात, पहिलं भक्ष्य लहानसं देतात आणि मादीच्या कात टाकण्याकडे डोळे लावून बसतात. थंडीनंतरची पहिली कात टाकली की नर तिच्याजवळ सोडायचा. मादीच्या ताज्या कातडीवर जो गंध असतो, तो नराला एरवी कधी इतका वेड लावत नाही. नर जीभ भराभर आतबाहेर करत तिच्या पाठीवरून हनुवटी घासत पुढे सरकतो, अंगाला बारीक झटके देतो आणि शेपटी तिच्या शेपटीखाली नेतो. साधारण महिना-दीड महिन्यानं अंडी येतात.

खाणं आधी बंद का करायचं, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण आपल्याकडे चूक नेमकी इथंच होते. सापाला स्वतःच्या शरीरात ऊब तयार करून ती राखता येत नाही. बाहेर जेवढी ऊब मिळेल तेवढंच त्याचं पचन चालतं. २८-३० अंशांना जो उंदीर चार-सहा दिवसांत विरघळतो, तोच १२ अंशांना पोटात जसाच्या तसा पडून राहतो आणि कुजायला लागतो. साप तो ओकून टाकतो, नाहीतर आतल्या आत मरतो. थंडीत धरलेला साप 'बिचारा उपाशी असेल' म्हणून त्याच्यापुढे उंदीर सोडणारे चांगल्या मनाचे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण हिवाळ्यातला सापाचा उपास ही त्याच्या शरीरानं स्वतः ठरवलेली गोष्ट आहे आणि अंगात चरबी असलेला धडधाकट साप दोन-तीन महिने अन्नाशिवाय सहज काढतो. त्याला त्या दिवसांत पाणी हवं असतं.

थंडी शरीरात नेमकं काय करते, याचा सर्वांत चांगला अभ्यास झाला तो कॅनडात. मॅनिटोबा प्रांतात नार्सिस नावाचं ठिकाण आहे. तिथल्या चुनखडीच्या भेगांत लाल पट्ट्यांचे गार्टर साप हजारोंच्या संख्येनं हिवाळा काढतात. बाहेर बर्फ, रात्रीचा पारा शून्याखाली ३० अंशांपर्यंत. एप्रिलच्या शेवटी बर्फ वितळलं की आधी नर वर येतात आणि भेगांच्या तोंडाशी थांबतात. मागाहून एकेक मादी निघते आणि तिच्याभोवती डझनावारी नरांचा गुंता पडतो. टेक्सास विद्यापीठातल्या डेव्हिड क्रूज यांनी या सापांवर अनेक वर्षं काम केलं. त्यांनी दाखवून दिलं की या जातीच्या नराची प्रणयाची ओढ त्या वेळच्या पुरुषी संप्रेरकावर अवलंबून नसते. वृषण काढून टाकलेला नरही तितक्याच जोमानं मादीमागे लागतो. त्याला लागते ती लांबलेली थंडी आणि तिच्यामागून आलेली ऊब. त्याचे शुक्राणू आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन साठवलेले असतात. हिवाळा मिळाला नाही, तर तो धडधाकट असूनही मादीकडे ढुंकून बघत नाही. १९८९ साली रॉबर्ट मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मादीच्या कातडीवरची गंधद्रव्यंही ओळखून काढली. पाळणाऱ्यांनी अनुभवानं जे ताडलं होतं, त्याला अशी प्रयोगाची जोड मिळाली.

आता याच्या उलटं उदाहरण घेऊ. पाळीव सापांत कॉर्न स्नेकइतकाच खपणारा दुसरा साप म्हणजे बॉल पायथन, पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन या देशांतला लहान चणीचा अजगर. त्याला १२ अंशांत आठ आठवडे ठेवलं तर फुप्फुसं भरून तो मरेल. त्याची वीण घेणारे फक्त रात्रीचं तापमान चार-पाच अंशांनी उतरवतात, २३-२४ पर्यंत. दिवसाची ऊब तशीच ठेवतात. काही पाळणारे तेवढंही करत नाहीत. त्याच्या मुलखात हिवाळा म्हणून जो काही असतो, तो एवढाच. तेव्हा 'सापाला थंडीत ठेवावं' असा एकच नियम नाही. ज्या सापाच्या पूर्वजांनी जो हिवाळा पिढ्यान्‌पिढ्या भोगला, त्याच्या शरीराला तोच कळतो. दुसरीकडचा हिवाळा त्याच्यावर लादणं म्हणजे त्याला आजारी पाडणं.

मग बीडच्या सापाचा हिवाळा कसा असतो? या प्रस्तावनेत मला खरं सांगायचं आहे ते हेच.

हवामानाच्या बातम्यांवर गेलं तर चित्र चुकतं. डिसेंबर-जानेवारीत बीड, पाटोदा, आष्टी या पठारी भागात रात्रीचा पारा १०-१२ अंशांवर येतो, कडाका पडला तर त्याच्याही खाली. आकडा बघून वाटतं, कॉर्न स्नेकला देतात तोच हा हिवाळा. पण हा पारा मोकळ्या हवेतला असतो. साप रात्री हवेत नसतो, तो जमिनीत असतो. दिवसरात्रीच्या तापमानाचा चढउतार मातीत हातभर खोल जाईपर्यंत जवळजवळ विरून जातो आणि आणखी खाली गेलं की वर्षभराच्या सरासरीच्या आसपासची ऊब मिळते. मराठवाड्याची ती सरासरी पंचविशीच्या पुढची आहे. म्हणून उंदराच्या खोल बिळात, जुन्या वारुळात किंवा काळ्या रानाच्या भेगांत बसलेल्या धामणीला गावातल्या माणसाएवढी थंडी वाजतच नाही. वर शेकोट्या पेटलेल्या असतात तेव्हा ती खाली बऱ्यापैकी उबेत असते. काळी माती हिवाळ्यात वाळत जाते, तशी भेगाळते. तूर काढल्यावर आणि कापसाची शेवटची वेचणी होताना या भेगांत मनगट जाईल एवढी जागा झालेली असते. सापासाठी ती बांधून ठेवलेली घरं आहेत. बालाघाटाच्या डोंगरकडेला माती कमी आणि मुरूम जास्त. तिथं ही सोय दगडी तालींच्या पोकळीत होते. फुरसं तर दगडाखालीच राहतं. त्याचा निवारा उथळ, म्हणून त्याला थंडी जास्त लागते आणि दुपारच्या उन्हासाठी ते अधिक वेळा बाहेर येतं.

आणि ऊन तर आपल्याकडे हिवाळ्यातही मुबलक. जानेवारीच्या दुपारी २८-३० अंश असतातच. मॅनिटोबाच्या सापाला कित्येक महिने सूर्य दिसत नाही. आपला साप रोज बाहेर यायचं की नाही ते रोज ठरवतो. सकाळी दहाच्या सुमारास, दव उडून गेल्यावर, पूर्वेकडे तोंड असलेल्या तालीवर नजर टाका. धामण असेल तर ती बिळाच्या तोंडाशी अर्धं अंग आत ठेवून पडलेली असते आणि बाहेरचं अंग चपटं करून, फासळ्या पसरून, उन्हाकडे कलवलेली असते. चपट्या अंगावर ऊन जास्त पडतं. अर्ध्या-पाऊण तासात अंग तापलं की तिची जीभ चालू होते. तोवर तिला हात लावेपर्यंत ती हलत नाही, आणि याच वेळी ती माणसाच्या काठीखाली येते. दुपार कलली, वारा सुटला की ती मागे सरकत पुन्हा आत जाते. दिवसा तापायचं, रात्री निवायचं, खाणं जवळपास बंद आणि दिवस लहान. १९ अक्षांशावर तो डिसेंबरात साधारण ११ तासांचा होतो. मॅनिटोबाचा दिवस तेव्हा आठ तासांवर आलेला असतो. आपला सापही दिवस लहान झाल्याची आणि रात्र निवल्याची खूण वाचतो, पण ती खूण सौम्य असते आणि तिच्यात ऊन मिसळलेलं असतं. आठ आठवडे कृत्रिम थंडीत ठेवण्याची कृती बीडच्या नागावर किंवा धामणीवर करू नये, ती याच कारणासाठी. मोबाइलवर परदेशी पाळणाऱ्यांचे व्हिडिओ आता वाड्यावस्त्यांवर पाहिले जातात, म्हणून हे इतकं स्पष्ट लिहितो आहे.

या सौम्य हिवाळ्याचा परिणाम विणीच्या वेळापत्रकात दिसतो. घोणशीची जुळणी थंडीतच होते. नर मादीच्या मागावर दिवसाही बाहेर पडतो, दोन नर समोरासमोर आले तर अंगाला अंग गुंडाळून एकमेकांना खाली दाबतात. मादी सहा महिन्यांहून जास्त काळ पिल्लं पोटात वागवते आणि उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्यापर्यंत ती बाहेर येतात, एकेका वेळी वीस-चाळीस. साठाहून अधिक पिल्लांच्या नोंदीही आहेत. माघात बांधावर ऊन खात पडलेली जाडजूड घोणस आळशी नसते. पोटातल्या पिल्लांची वाढ उबेवर चालते आणि मादी ती ऊब उन्हातून मिळवत असते. नाग जानेवारी-फेब्रुवारीत जुळतो आणि एप्रिल ते जुलैत १० ते ३० अंडी देतो. मादी बहुधा अंड्यांपाशी थांबते आणि साधारण दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. मण्यारही उन्हाळ्यातच अंडी देते. फुरसं घोणशीसारखं पिल्लं देतं, तेही उन्हाळ्यापासून पुढे.

धामणीचं थोडं वेगळं आहे. तिचे नर उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत झुंजताना दिसतात. दोन धामणी उभ्या राहून दोरीचा पीळ पडावा तशा एकमेकींभोवती गुंडाळल्या गेल्या की गाव जमा होतं. नाग-धामणीचं लग्न लागलं म्हणतात, कोणी नवं कापड टाकायला धावतं. प्रत्यक्षात ते दोन्ही नर असतात आणि मादीसाठी भांडत असतात. नाग आणि धामण या वेगळ्या जाती आहेत, त्यांची जोडी होत नाही. कापड टाकण्यानं सापाचं काही बिघडत नाही, पण गर्दीतला एखादा दगड मारतो. म्हणून हे प्रत्येक शाळेत सांगावं असं मला वाटतं.

आपल्या देशात थंडी आणि वीण यांचा संबंध उघड्या डोळ्यांनी बघायचा असेल, तर राजस्थानातल्या भरतपूरला जावं. केवलादेव राष्ट्रीय उद्यानात साळिंदरांनी खणलेल्या बिळांत अजगर राहतात. एस. भूपती यांनी तिथं ऐंशीच्या दशकात अजगरांचा अभ्यास केला. भरतपूरची थंडी आपल्यापेक्षा खूप कडक. अजगर रात्र बिळात काढतात आणि ऊन चढलं की तोंडाशी येऊन पसरतात. याच दिवसांत त्यांची जुळणी होते. पुढे मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते, स्नायू थरथरवून अंड्यांना ऊब देते. स्वतः ऊब तयार करता न येणाऱ्या प्राण्यांत निसर्गानं इथं असा अपवाद केला आहे, आणि तोही पिल्लांसाठी. मला याचं आजही नवल वाटतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. भारतीय साप पाळणं, बाळगणं, त्यांची खासगी वीण घेणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. साप विषारी असो की बिनविषारी, त्यानं फरक पडत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीतले परदेशी प्राणी, बॉल पायथन त्यातच येतो, बाळगणाऱ्याला २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश या सरकारी संकेतस्थळावर नोंद करावी लागते. बीड जिल्ह्यात पाळीव सापापेक्षा मोठं दुखणं मांडुळाचं आहे. गुप्तधनाच्या आणि लाखोंच्या किमतीच्या थापांवर विश्वास ठेवून या गरीब सापाला पोत्यात घालून महिनोन्‌महिने लपवतात, वजन वाढावं म्हणून काहीबाही भरवतात, जोडी लावायचा प्रयत्न करतात. मांडूळ मऊ मातीत राहणारा, पिल्लं देणारा साप आहे. बंद पोत्यात, ऊन-थंडीची कोणतीही खूण न मिळता, त्याची वीण होत नाही. त्याचा जीव तेवढा जातो.

तेव्हा या पुस्तिकेचा वाचक कोण? ज्यांच्या ताब्यात साप कायदेशीरपणे काही दिवस किंवा काही आठवडे येतो, ते सर्पमित्र, वनरक्षक, पशुवैद्य आणि पुनर्वसन केंद्रांतले कार्यकर्ते. महाराष्ट्रात हे काम आता बरंच रुजलं आहे. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ साली कात्रजचं सर्पोद्यान उभं केलं आणि त्यातून सर्पमित्रांच्या पिढ्या तयार झाल्या. आपल्या जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे यांचं सर्पराज्ञी हे वन्यजीव केंद्र आहे. दुष्काळी माळावर, मोठ्या शहरापासून लांब, जखमी प्राण्यांसाठी अशी जागा असणं ही बीडसाठी अभिमानाची गोष्ट आहे.

अशा ठिकाणी हिवाळ्यात आलेल्या सापाचं काय करायचं, हा पुढच्या पानांचा मुख्य भाग आहे. त्यातलं सर्वांत महत्त्वाचं इथंच सांगून ठेवतो. साप धडधाकट असेल तर त्याला लवकरात लवकर, सापडला त्याच्या जवळपास सोडावं, तेही दुपारच्या उन्हात. रात्री सुटका केलेली घोणस रात्रीच दहा-वीस किलोमीटरवरच्या माळावर नेऊन सोडली तर तिला तिथलं एकही बीळ ठाऊक नसतं. उन्हाळ्यात ती शोधून काढील. पौषातल्या पहाटे आखडलेल्या अंगानं ती उघड्यावर पडते आणि उजाडल्यावर पहिली घार, पहिलं मुंगूस किंवा नायगावसारख्या भागातला मोर तिला गाठतो. शिवाय तिच्या जुन्या जागेभोवती नरांचा माग लागलेला असतो, जुळणीचे दिवस असतात. ते सगळं मोडतं. एका वर्षाची वीण जाते आणि घोणशीसारखी मादी दरवर्षी पिल्लं देईलच असं नाही.

सापाला रात्रभर ठेवावंच लागलं तर फरशीवर बरणी ठेवू नये. प्लॅस्टिकची बरणी आणि शहाबादी फरशी पहाटेपर्यंत हवेइतकी गार होतात आणि सापाला खाली जायला माती नसते. बिळात ज्या थंडीपासून तो वाचला असता, ती सगळी त्याला सोसावी लागते. झाकणाला भोकं पाडलेली लाकडी पेटी, आत कोरडं पोतं किंवा पाचट, एका कोपऱ्यात पाणी, आणि पेटी घरातल्या आतल्या भिंतीला लावून ठेवलेली, एवढ्यानं काम होतं. दिवा लावून तापवत बसू नये. जखमी सापाची गोष्ट वेगळी. नांगराच्या फाळानं किंवा जेसीबीच्या दातानं चिरलेली जखम भरायला शरीराची सगळी यंत्रणा चालू लागते आणि ती चालते उबेवर. अशा सापाला थंडीत ठेवलं तर जखम चिघळते, फुप्फुसं बिघडतात. त्याला २८ अंशांच्या आसपास ठेवावं, बेतानं खायला द्यावं आणि त्याचा यंदाचा हिवाळा बुडाला तर बुडू द्यावा. वीण पुढच्या वर्षी होईल. आधी थंडीत घालायचं का उपचार करायचे असा प्रश्न कोणी विचारला तर माझं उत्तर नेहमी उपचार हेच राहील. पाळीव साप सांभाळणारे जाणते लोकही अशक्त किंवा आजारी सापाला कधी थंडीत घालत नाहीत.

आणि दुसरा वाचक, ज्याच्या हातात ही पुस्तिका पोचावी अशी माझी फार इच्छा आहे, तो ऊसतोड कामगार. बीडहून दरवर्षी लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात, दसरा-दिवाळीनंतर निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. सापाचा हिवाळा आणि त्यांचा हंगाम एकच. फड कडेनं तुटत जातो, तसे उंदीर मधल्या उभ्या उसात शिरतात आणि त्यांच्या मागे साप. बुडख्यांशी साचलेलं पाचट सापाला लपायला सोयीचं असतं. पहाटे अंधारात कोयता चालू होतो तेव्हा त्या पाचटाखालचा साप गारठलेला असतो आणि गारठलेला साप पळत नाही. पळायचं बळ त्याला उन्हातून मिळतं, ते अजून आलेलं नसतं. म्हणून तो जागीच राहून चावतो. घोणस तापलेली असेल तर कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करून आधी इशारा देते. थंडीत त्या आवाजावर भरवसा ठेवू नये. पाचट हातानं न उचलता आधी कोयत्याच्या पाठीनं किंवा काठीनं सरकवणं, मोळी बांधायला वाकण्याआधी जागा पाहणं, पायांत गमबूट असणं, कोपीत खाली न निजता बाजेवर मच्छरदाणी खोचून निजणं, ही साधी काळजी आहे. गमबूट आणि बाज मुकादमानं आणि कारखान्यानं पुरवायला हवेत, ही मागणी मी इथं उघडपणे करतो.

हिवाळ्यात साप नसतात, असं समजून या गोष्टी टाळल्या जातात. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. म्हणजे उरलेले निम्मे बाकीच्या आठ महिन्यांत झाले, जेव्हा कोणाच्या ध्यानीमनी साप नसतो. दंश झाला तर मांत्रिकाकडे एक मिनिट न घालवता सरकारी दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे.

पाचट जाळण्याबद्दलही एक शब्द. तोडणी झाली की फड पेटवून देतात. जमिनीचं नुकसान होतं हे कृषी खातं सांगतंच. सापांच्या बाजूनं सांगायचं तर त्या आगीत गाभण घोणशी, धामणी, तस्कर सगळे जातात, आणि पुढच्या पावसाळ्यात उंदीर वाढले म्हणून आपणच ओरडतो. तालींची डागडुजी, शेततळ्यांची खोदाई ही कामंही नेमकी जानेवारी ते मार्चमध्ये निघतात. तालीचे दगड काढायचे तर दुपारी काढावेत. तापलेला साप आपणहून वाट धरतो.

राहिला प्रश्न नोंदींचा. पुस्तिकेच्या शेवटी एक कोरा तक्ता जोडला आहे. साप कोणत्या जातीचा, नर की मादी, तारीख, वेळ, बाहेर ऊन होतं की ढग, तो बिळात होता की तोंडाशी की उघड्यावर, पोटाला अंडी किंवा पिल्लं जाणवली का, अंगावरची कात धुरकट होती का, एवढंच त्यात भरायचं आहे. शक्य असेल तिथं बिळाच्या तोंडाशी आणि दोन वीत आत साधा तापमापक धरून दोन आकडे लिहावेत. साप आत असल्याची शंका असेल तर आतला आकडा सोडून द्यावा, तापमापक बांधलेली काठीसुद्धा बिळात घालू नये. गेवराई-माजलगावच्या गोदाकाठी काळ्या रानातला आकडा आणि आष्टी-पाटोद्याच्या मुरमाड पठारावरचा आकडा शेजारी शेजारी ठेवता आले, तर कोणत्या भागात जोड्या आधी जमतात हे दोन-तीन हिवाळ्यांत कळू लागेल. मग बांधबंदिस्तीची कामं कोणत्या पंधरवड्यात टाळावीत हे वनखात्याला आणि ग्रामपंचायतींना तारखेसह सांगता येईल. तक्ता भरताना सापाला धरू नये. लांबून जेवढं दिसेल तेवढं पुरे, आणि फोटो काढला तर जागेचं नाव सार्वजनिक करू नये, कारण मांडुळाचे गिऱ्हाईक तेच शोधत असतात.